जनता परत हवी!

काही लोक कुत्री पाळतात, काही पोपट पाळतात, काही एकादशी पाळतात. आमचा भाचा घड्याळे पाळतो. 'जमवतो' असे मी मुद्दामच म्हणत नाही. जमवलेली वस्तू एकदा कपाटात गेली की तिच्याकडे वर्षभर बघितले नाही तरी चालते. ह्याच्या घड्याळांचे तसे नाही. सकाळी उठल्याबरोबर तो एकेकाला डब्यातून बाहेर काढतो, किल्ली देतो, कानाशी धरतो, मऊ फडक्याने तोंड पुसतो आणि पुन्हा डब्यात निजवतो. अशी एकूण एकतीस घड्याळे आहेत. आणि इतके सगळे झाल्यावर "काय रे, किती वाजले?" असे विचारले की खिशातून मोबाइल काढून वेळ सांगतो.

ह्या एकतिसांपैकी सव्वीस एच.एम.टी.ची. म्हणजे ज्या कारखान्याला कुलूप लागले त्याची. बंद पडलेल्या वस्तूवर माणसाचे प्रेम अंमळ जास्तच असते. मुंबईच्या ट्रामवर १९६४ नंतर लोकांनी जेवढे प्रेम केले तेवढे ती चालू असताना केले असते, तर ती बंदच पडली नसती. भाच्यासारखे आणखी बरेच घड्याळवेडे आहेत. त्यांच्या गाठीभेटी होतात, एकमेकांच्या मनगटांची पाहणी होते, आणि शेवटी सर्वानुमते एक सुस्कारा सोडून मंडळी घरोघर जातात. परवा त्यांनी सुस्काऱ्याच्या पुढची पायरी गाठली. एक अर्ज तयार केला. मागणी अशी की, आमची जुनी घड्याळे पुन्हा काढा.

भाचा तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला. "मामा, तू सोबत चार शब्द लिहून दे. तुझ्या शब्दाला वजन आहे."

माझ्या शब्दाला वजन आहे हे मला पूर्वी फक्त रद्दीवाल्याने सांगितले होते. मी म्हटले, "अरे, मी आयुष्यभर नाटकांची परीक्षणं लिहिली. मला घड्याळातलं काय कळतं?"

"नाटकातलं तरी कुठे कळत होतं?" आतून आवाज आला. आमची ही ताक घुसळत होती.

मग मात्र मी कागद पुढे ओढला. आणि विचार केला तर नाट्यपरीक्षक घड्याळावर लिहायला अगदीच अपात्र नसतो. दोन्हीकडे वेळेवर सुरू होते का आणि मध्येच बंद पडते का, हेच तर बघायचे असते. तेव्हा पुढील मजकूर अर्जाला जोडायचे शिफारसपत्र म्हणून न वाचता परीक्षण म्हणून वाचावा. शिफारस करायची तर सगळे चांगलेच लिहावे लागते, आणि ती सवय मला नाही.

प्रथम पूर्वपीठिका. हिंदुस्थान मशीन टूल्स ही १९५३ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. मूळ धंदा यंत्रे बनवणारी यंत्रे बनवण्याचा. जपानच्या सिटिझन कंपनीशी हातमिळवणी करून तिने १९६१ साली बंगलोरला मनगटी घड्याळे काढायला सुरुवात केली. पहिल्या घड्याळांचे प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. घड्याळाचे 'प्रकाशन' म्हणतात की नाही कोण जाणे, पण त्या काळात धरणापासून घड्याळापर्यंत सर्व गोष्टी पंडितजींच्याच हस्ते होत आणि त्यांना वेगवेगळे शब्द शोधत बसायला कोणाला सवड नसे. पुढे श्रीनगर, तुमकूर, नैनितालकडचे रानीबाग असे कारखाने वाढत गेले.

त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे स्विस. आमच्या थोरल्या काकांच्या हाताला फेवर ल्यूबा होते. त्या घड्याळाला घरात काकांपेक्षा जास्त मान. काका आंघोळीला गेले की ते देवघराच्या कोनाड्यात जाई. ते परदेशी, म्हणून त्याच्याशी कोणी सलगी करायची नाही, असा दंडक होता.

एच.एम.टी.ने पहिली गोष्ट केली ती ही, की घड्याळाला घरातल्या माणसासारखी नावे दिली. जनता, जवाहर, सोना, कांचन, सुजाता, नूतन, कोहिनूर, पायलट. शेवटची दोन सोडली तर ही यादी मोठ्याने वाचताना शाळेची हजेरी चालल्यासारखे वाटते. हल्लीच्या घड्याळांना इंग्रजी अक्षरे आणि पाच-सहा आकडे जोडून नाव तयार करतात. तसल्या नावाने मोटारीचा परवाना शोभतो. 'आमच्या सुजाताला जरा तेल घाला' असे घड्याळजीला सांगण्यात जो घरोबा होता तो त्यात नाही.

ह्या सगळ्यांतली नायिका जनता. ('जनता' म्हटल्यावर वाचकांना १९७७ साल आठवेल. त्या जनतेची किल्ली १९७९ च्या जुलैमध्येच उतरली. घड्याळाची त्यापेक्षा पुष्कळ टिकली.) पांढुरकी तबकडी, सरळ काटे, बारा आकडे. तारीख नाही, वार नाही, चंद्राच्या कला नाहीत. तबकडीवर बारीक अक्षरांत दोन गोष्टी सांगितलेल्या: सतरा ज्युवेल्स आणि पॅरा शॉक. पॅरा शॉक म्हणजे घड्याळ हातून पडले तरी आतल्या नाजूक आसाला धक्का बसू नये अशी सोय. आमच्या घरी धक्का वडिलांना बसे. सतरा ज्युवेल्स म्हणजे सतरा कृत्रिम माणके. चाकांचे आस जिथे फिरतात तिथे ती बसवलेली असतात, म्हणजे झीज होत नाही. आमच्या आत्याची मात्र शेवटपर्यंत समजूत होती की भावाने सतरा रत्ने मनगटावर बांधली आणि बहिणीला भाऊबिजेला पातळ घेताना हात आखडला.

परीक्षकाच्या भाषेत सांगायचे तर जनता हे पोस्टकार्डावरचे पत्र आहे. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, आणि लगेच कामाचे. जागा थोडी, पण अक्षर कुठे दाटलेले नाही. घड्याळाकडे माणूस दिवसातून पन्नास वेळा बघतो आणि प्रत्येक वेळी अर्धा क्षणच बघतो. त्या अर्ध्या क्षणात ज्याला वेळ सांगता येते ते चांगले घड्याळ. ह्या कसोटीवर जनता शंभर टक्के उतरते. हल्ली मी लोकांच्या हातावर ताटलीएवढाली घड्याळे बघतो. त्यांच्या तबकडीत आणखी तीन तबकड्या असतात. वेळ पाहायला चष्मा, आणि समजायला भाचा लागतो.

शिवाय तिची चाल बघा. किल्ली दिली की कमान ताणली जाते, आणि दीडेक दिवस ती सुटत राहते. सेकंदाला पाच ठोके. त्यामुळे सेकंदकाटा सरकल्यासारखा दिसतो, पाटावरून ओघळणाऱ्या पाण्यासारखा. क्वार्ट्झच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि एवढ्या थरथराटानंतर काटा पुढे पडतो एकदाच. आमच्या कचेरीत असे एक साहेब होते.

पण जनतेची माझ्या दृष्टीने सर्वांत थोर आवृत्ती म्हणजे देवनागरी आकड्यांची. ह्या ठिकाणी मला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या माजघरात भिंतीवर एक लंबकाचे घड्याळ होते. त्यावर रोमन आकडे. आजी त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. वेळ हवी असली की ओटीवर ऊन कुठवर आले ते बघे, नाहीतर नातवंडांतल्या कोणाला तरी हाक मारी. आजीला घड्याळ कळत नाही ह्याबद्दल घरात दुमत नव्हते. आम्ही मुले तर त्याचा फायदाही घेत असू. साडेआठ वाजले असताना आठ सांगितले की अर्धा तास जास्त खेळायला मिळे.

मी नववीत असताना अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, देवनागरी जनता घेतली. त्या रात्री ते जेवायला बसले होते. डाव्या हाताला नवे घड्याळ. ते आज काढायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. आजी वाढत होती. ताकाची वाटी ठेवता ठेवता ती सहज वाकली आणि म्हणाली, "पावणेआठ झाले की रे!"

अण्णांचा घास हातातच राहिला. "आई, तुला घड्याळ कळतं?"

"न कळायला काय झालं?" आजी म्हणाली. "तुमच्या त्या भिंतीवरच्यात नुसत्या काठ्या उभ्या करून ठेवल्यात. हे आकडे आहेत."

आजी दोन इयत्ता शिकलेली होती. रोज पोथी वाचायची. पोथीतल्या ओव्यांचे आकडे तिला येत होते, दुधाचा हिशेब येत होता. घड्याळ कळत नव्हते ते तिला नव्हे. तिच्यासाठी घड्याळ कोणी केलेच नव्हते. बंगलोरच्या कारखान्यात कोणा माणसाला एक दिवस सुचले की तबकडीवर १, २, ३ असेही छापता येते, आणि आमच्या घरात एक म्हातारी वयाच्या सत्तराव्या वर्षी वेळ वाचायला लागली. आमचे अर्ध्या तासाचे नुकसान झाले ते झालेच.

मोठमोठ्या घड्याळांची मोठमोठी परीक्षणे हल्ली भाचा मला वाचून दाखवतो. त्यांत काचेबद्दल असते, धातूबद्दल असते, पट्ट्याच्या शिलाईबद्दल असते. कोणत्या माणसाला ते घड्याळ पहिल्यांदा वेळ सांगू शकले, हे कुठेच नसते. ह्याच एच.एम.टी.ने अंध लोकांसाठी ब्रेलचे घड्याळ काढले होते. काचेचे झाकण उघडायचे आणि बोटांनी काटे चाचपून वेळ बघायची. सव्वीस घड्याळांचा मालक असलेल्या भाच्याकडे ते नाही. मी विचारले तर म्हणाला, "मामा, त्याला शौकिनांत फारशी मागणी नाही."

आता इतर पात्रे. पायलट: काळी तबकडी, पांढरे आकडे, अंधारात चमकणारे काटे. दिसायला राजबिंडे. हे घालून फिरणाऱ्यांपैकी विमानात पाऊल ठेवलेला माणूस मला तरी भेटला नाही, पण एस.टी.च्या शेवटच्या बाकावरसुद्धा हे घड्याळ माणसाला जरा ताठ बसवत असे. सोना: सोनेरी, पातळ, सेकंदकाटा नाही. सेकंदाची पर्वा करायची नाही एवढी फुरसत असलेल्या लोकांसाठी. हे मी घालून पाहिले आहे. शर्टाच्या बाहीखाली इतके गुपचूप बसते की आपण घड्याळ घातले आहे हे लोकांना सांगावे लागते, आणि मग घालण्यात अर्थ काय? कांचन: आपोआप किल्ली भरून घेणारे, वार आणि तारीख दाखवणारे, अंगाने भरलेले. हे लग्नातले घड्याळ. जावयाला कांचनच पाहिजे असा हट्ट धरून बसलेली वरमाई आमच्या आळीतल्या एका लग्नात मी स्वतः बघितली आहे. मुहूर्त टळत आला तरी घड्याळ आल्याशिवाय वेळ बघायची नाही, असा तो प्रसंग. माझ्या मते कांचन जरा बोलघेवडे आहे. पण नाटकात एखादे भडक पात्र लागतेच.

इथपर्यंत भाच्याने वाचले असते तर तो खुषीत उठून गेला असता. पण परीक्षणाला दुसरी बाजू असते.

एच.एम.टी.ची वेळ चुकली, आणि घड्याळाच्या कारखान्याला ह्याच्याइतका लाजिरवाणा दोष नाही. सीकोने पहिले क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ १९६९ च्या डिसेंबरात जपानात विकायला काढले. एच.एम.टी.नेही पुढे क्वार्ट्झ काढली, पण सावत्र मुलाला वाढावे तशी. जीव किल्लीच्या घड्याळात अडकलेला. मागणी जास्त आणि माल कमी असा काळ बरीच वर्षे होता. अशा काळात दुकानदाराला गिऱ्हाइकाकडे बघून हसण्याची गरज राहत नाही, आणि मग गरज पडते तेव्हा हसायचे कसे ते आठवत नाही. १९८७ साली टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळाचे टायटन बाजारात आले. पातळ, देखणे, क्वार्ट्झचे. दुकाने चकचकीत, आणि जाहिरातीला मोझार्टचे संगीत. आमच्याकडे मोझार्ट कोण हे कोणाला ठाऊक नव्हते, पण घड्याळ बदलायची वेळ झाली हे त्या सुरावटीवरून सगळ्यांना कळले.

आणि खरे सांगायचे तर, खून एकट्या कारखान्याने केला नाही. मी साक्षीदार आहे, कारण मी आरोपीही आहे. १९८८ सालचा बोनस हातात पडला त्याच संध्याकाळी मी एक क्वार्ट्झ घेऊन घरी आलो. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी आपली जनता काढून माझ्यापुढे धरली होती, "तू ऑफिसात जातोस, तुला लागेल." मी म्हटले, "अण्णा, त्याला रोज किल्ली द्यावी लागते." ते काही बोलले नाहीत. घड्याळ पुन्हा आपल्या हाताला बांधले. ते गेल्यावर ते कपाटातल्या स्टीलच्या डब्यात गेले, जिथे जुनी पासबुके असतात.

असे लाखो डबे भरले आणि कारखाना रिकामा झाला. २०१४ साली तो बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा लोक घड्याळे घ्यायला धावले. आजाऱ्याला बघायला न जाणारे अंत्ययात्रेला हटकून जातात, त्यातलाच प्रकार. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळांचा कारभार बंद करायला मंजुरी दिली. नाव अगदीच पुसले गेले असे नाही. त्या नावाची थोडीथोडकी घड्याळे त्यानंतरही विकली गेली आहेत. पण कारखान्याचा भोंगा थांबला.

आता परत आणायचे म्हणजे काय आणायचे? परत आणण्याचे दोन प्रकार सध्या पाहायला मिळतात.

पहिला प्रकार भाच्याने स्वतः अनुभवला. त्याने कोठूनसा पोस्टाने एक पायलट मागवला. पुडके उघडले तर आत नारिंगी तबकडीचे घड्याळ! जिलबीसारखे. काटे एका घड्याळाचे, डबी दुसऱ्याची, यंत्र तिसऱ्याचे, आणि वर ताजा रंग. परदेशातले शौकीन ह्या प्रकाराला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या मुंबईचा भेळेनंतर जगभर गेलेला हा दुसरा पदार्थ, आणि कृतीही तीच: हाताशी असतील ते जिन्नस एकत्र करावेत, वरून चटकदार रंग द्यावा. तरी मी ह्या कारागिरांना फार बोलणार नाही. आतले यंत्र खरोखरच जुने असते आणि त्यांनी ते चालू ठेवलेले असते. फक्त म्हाताऱ्या मास्तरांना विदूषकाचा सदरा घालून त्यांनी रस्त्यावर उभे केलेले असते.

दुसरा प्रकार बरोबर उलटा. आमच्या काकांचे फेवर ल्यूबा मध्यंतरी लोपले होते, ते नाव २०२४ साली नव्याने बाजारात आले. घड्याळे सुरेख आहेत, मी चित्रे पाहिली. किंमत लाखांत. काका त्या दुकानाच्या पायरीवरूनच नमस्कार करून परतले असते. स्विस घड्याळाने असे वागावे ह्यात नवल नाही, ते पूर्वीही कोनाड्यातच बसत असे.

पण आमच्या मंडळींच्या अर्जातले तिसरे कलम वाचले आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. 'जनता ह्या घड्याळाची पाचशे नगांची मर्यादित आवृत्ती काढावी. प्रत्येक नगामागे क्रमांक कोरावा. नीलमण्याची काच, चामड्याची पेटी.'

मी म्हटले, "अरे, जनता आणि मर्यादित? तुला मराठी येतं ना?"

"मामा, मर्यादित असलं की किंमत राहते."

"कोणाची?"

ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही, म्हणून आम्ही दोघे घड्याळजीकडे गेलो. खरे कारण असे की त्याच सकाळी मी स्टीलचा डबा उघडला होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली एक घड्याळजी बसतात. बसतात म्हणजे मावतात. त्यांनी अण्णांची जनता हातात घेतली, डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले आणि बराच वेळ आत बघत राहिले. देवळाच्या गाभाऱ्यात बघावे तसे. मग म्हणाले, "तेल सुकलंय. बाकी ठणठणीत आहे. डायल मात्र खराब झाली. रंगवून नवी करून देऊ? म्हणाल तो रंग."

तबकडीवर आठच्या आकड्याशेजारी हळदीसारखा पिवळा डाग आहे. तो माझे कर्तृत्व. शॉकचा बंदोबस्त आहे तर पाण्याचाही असेल, अशा शास्त्रीय जिज्ञासेने मी दहावीत असताना ते घड्याळ बादलीत बुडवले होते. अण्णांनी तेव्हा मला मारले नाही. घड्याळ उन्हात ठेवून दिवसभर ते त्याच्याशेजारी बसून राहिले होते.

"नको," मी म्हटले. "डाग राहू दे."

"पार्ट लागला तर कुठून आणता?" भाच्याने विचारले.

"दुसऱ्या जनतेतून. एक मोडायची, दुसरी चालवायची." घड्याळजींनी चिमट्याने एक चाक उचलले. भाच्याने त्यांना अर्जाची हकीकत सांगितली. त्यांनी मान वर केली नाही. "काढतील हो नवी. आजकाल काय वाट्टेल ते काढतात. पण उघडणार कोण? माझा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. तो म्हणतो, बाबा, हल्ली दुरुस्त नाही करायचं, बदलून टाकायचं." चाक जाग्यावर बसले. बालकमान एकदा थरथरली आणि हलायला लागली. भाचा, ज्याच्याकडे एकतीस घड्याळे आहेत, श्वास रोखून बघत होता. मला वाटते त्या दिवशी त्याने पहिल्यांदाच घड्याळ पाहिले. तोवर तबकड्याच पाहिल्या होत्या.

घरी येऊन मी माझा अभिप्राय लिहिला तो असा. सदर घड्याळ परत काढण्यास माझी संमती आहे, परंतु पुढील अटींवर. ते किल्लीचे असावे, म्हणजे घरातल्या एका माणसाला रोज एकदा त्याची आठवण होईल. आकडे देवनागरी असावेत. इतर भाषांच्या लोकांनी आपापले मागून घ्यावेत. शिपायाला आपल्या पगारातून दहावी पास झालेल्या मुलीसाठी घेता येईल अशी किंमत असावी. जिन्याखालच्या माणसाला साध्या हत्यारांनी ते उघडता यावे, सुटे भाग मिळावेत, आणि उघडायला शिकवणारा एक तरी वर्ग निघावा. मागे क्रमांक कोरू नये. जागा मोकळी ठेवावी, म्हणजे ज्याला द्यायचे त्याचे नाव घालता येईल. ब्रेलचे घड्याळ आधी काढावे, मागणी असो वा नसो. हे जमत नसेल तर काहीच काढू नये. पाचशे लोकांच्या पेटीत बंद राहण्यापेक्षा जनता बंद पडलेलीच बरी. निदान ती दुसऱ्या जनतेला पार्ट तरी देते.

भाच्याने वाचले. डोके खाजवले. "मामा, ह्या अटींवर कोणी काढणार नाही."

"मग तुमच्या अटींवर काढतील?"

"तशीही शक्यता कमीच आहे म्हणा."

"मग अशक्यच मागायचं तर स्वस्तातलं कशाला मागायचं? माझ्यासारखं माग."

त्याने तिसरे कलम खोडले. मी सही केली. जाताना दारात थांबून तो म्हणाला, "मामा, आजीनं पाहिलं ते घड्याळ हेच ना? जरा कानाशी धरू?" मी दिले. तो बराच वेळ तसाच उभा होता.

आता रोज रात्री जेवायच्या आधी मी किल्ली देतो. जनता चालते, पण दिवसाकाठी चार मिनिटे मागे पडते. तिचे आणि माझे वय बघता ह्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. काल आतून हाक आली, "किती वाजले?"

मी मनगटाकडे बघून सांगितले, "पावणेआठ."

"म्हणजे आठला अकरा कमी," ही म्हणाली आणि पाने घेतली.